स्वप्नात उचललेला हात कोणाचा?

कार्तिकीहून परतल्यावर कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत एका संध्याकाळी आम्ही हरिपाठास गेलो होतो. हरिपाठ झाला, बुक्का लावून झाला, चहा घेऊन मंडळी एकेक करून उठली. पण आमच्या ओळखीचे एक आबा भिंतीला टेकून बसूनच राहिले. वय अडुसष्ट. मूळचे जावळीकडचे. विशी गाठण्यापूर्वी मुंबईस आले, मशीद बंदराला पाठीवर पोती वाहिली, आणि बाजार तुर्भ्याला हलला तेव्हा त्याच्यामागे खाडी ओलांडून इकडचे झाले. गळ्यातली तुळशीची माळ चाळीस वर्षांची. त्या संध्याकाळी मात्र गळ्यात माळ दिसली नाही.

आम्ही कारण विचारले, तर आबा बोलेनात. मग वहिनींनी पदर जरा बाजूला केला. डाव्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते.

वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, हे रागीट नाहीत हो. चव्वेचाळीस वर्षं झाली, मला कधी अरे-तुरे सुद्धा केलं नाही. पण चार महिने झाले, पहाटं पहाटं झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. परवा मूठ बसली." आबांना हलवून जागे केले तेव्हा ते दचकले आणि म्हणाले, बैल गेला का? स्वप्नात एक खोंड वहिनींच्या अंगावर धावून आला होता, आणि आबा त्याला हाकलीत होते. जिला वाचवायला हात उचलला, तिलाच तो लागला.

शेजाऱ्यांनी सांगितले की हे बाहेरचे आहे. कोणी एक देवर्षी गाठून दिला, त्याने कोंबडे मागितले. माळकऱ्याच्या घरी कोंबडे कापायचे कसे? त्या दिवसापासून आबा गॅलरीत एकटे निजू लागले आणि माळ काढून त्यांनी खुंटीला अडकवली. एवढे ऐकल्यावर आबा बोलले ते असे: "गुर्जी, हरिश्चंद्र राजानं सपनात राज्य दान दिलं, ते जागा झाल्यावर खरं केलं का नाही? मग सपनात मारल्यालं खोटं कसं म्हनू? हात तर माझाच हुता."

वाचकहो, आम्ही तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आणि कीर्तनेही पुष्कळ ऐकली, पण त्या रात्री आम्हांस याचे उत्तर देता आले नाही. 'उद्या बोलू' म्हणून आम्ही उठलो. नंतर महिनाभर जे वाचले आणि मेंदूचे काम जाणणाऱ्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडतो. आबांनी छापण्यास परवानगी दिली आहे. नाव घालू नका एवढेच त्यांचे म्हणणे.

प्रथम झोपेविषयी. झोप म्हणजे दिवा मालवला आणि अंधार झाला, असा आपला समज असतो. आपल्या शास्त्रांचा समज तसा नव्हता. मांडूक्योपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्था निराळ्या मोजल्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडे चौथी सांगितली आहे. म्हणजे स्वप्नाची झोप वेगळी आणि गाढ झोप वेगळी, हा भेद आपल्याकडे जुना आहे. परंतु निजलेल्या माणसाकडे बाहेरून पाहून तो यांपैकी कोठे आहे हे ओळखण्याचे साधन नव्हते. ते विसाव्या शतकात हाती आले. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक स्पंदनांनी बोलतात. डोक्याच्या कातडीला तारा चिकटवून ती स्पंदने कागदावर उतरविण्याचे काम हान्स बर्गर या जर्मन वैद्याने केले व १९२९ साली प्रसिद्ध केले.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या शिकागो शहरातली. युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन या गुरूंच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करीत होता. पैशाची ओढाताण, यंत्र जुने. तेव्हा त्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून त्याला निजविले. काही वेळाने कागदावरची लेखणी जोरजोराने हलू लागली. त्याला वाटले पोर जागे झाले. आत जाऊन पाहतो तो मुलगा गाढ झोपलेला, आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे धावताहेत! मग त्यांनी मोठ्या माणसांना अशा वेळी मुद्दाम उठवून विचारले. डोळे फिरत असताना २७ वेळा उठविले, त्यात २० वेळा स्वप्न तपशिलाने सांगता आले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठविले, तर १९ वेळा काहीच आठवेना. हे १९५३ साली छापून आले. या झोपेला शास्त्रज्ञ 'रेम' म्हणतात. आपण तिला डोळे फिरण्याची झोप म्हणू. गाढ झोपेतही स्वप्ने पडतात हे नंतर कळले, पण ती बहुधा तुटक आणि फिकी असतात. रंगलेले, माणसांनी भरलेले, भीतीने घाम फोडणारे स्वप्न बहुतेक या डोळे फिरण्याच्या झोपेतले.

ही झोप रात्रीतून एकदाच येते असे नाही. पाठ टेकल्यापासून साधारण दीड तासाने तिचा पहिला फेरा येतो, तो काही मिनिटांचाच. पुढे सुमारे दीड दीड तासाने एकेक, असे रात्रीत चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा बहुधा लांबत जातो आणि पहाटेचा तर अर्ध्या तासाचा किंवा त्याहून मोठा होतो. मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा यात जातो. पहाटेचे स्वप्न खरे होते असे आपल्या आयाबाया म्हणतात. खरे होते की नाही ते असो. पण पहाटेचे स्वप्न सर्वांत लांब असते आणि त्यातूनच आपण सरळ जागे होतो, म्हणून तेच लक्षात राहते. रात्री बाराचे कोणाला आठवते? आबांच्या लाथा पहाटेसच का, याचाही उलगडा यात आहे.

आता, या वेळी मेंदू काय करीत असतो? विजेच्या लहरी पाहिल्या तर निजलेल्याच्या आणि जागृताच्या लहरींत फारसा फरक दिसत नाही, इतकी आत धावपळ असते. पण ही धावपळ सर्व ठिकाणी सारखी नसते, आणि यातच सगळे मर्म आहे. १९९६ साली बेल्जियममधील लिएज येथे पिएर माके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माणूस या झोपेत असताना मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्त अधिक जाते आणि कोणत्या भागाकडे कमी, हे मोजले. भीती, प्रीती, माया यांची जी बदामाएवढी गाठ मेंदूच्या पोटात असते, अमिग्डाला तिचे नाव, ती भरात होती. आणि कपाळामागचा जो भाग जागेपणी विचार करतो, मेळ घालतो, हे बरे हे वाईट, हे शक्य हे अशक्य असे ठरवितो, त्याचे काही मोठे तुकडे मंदावलेले होते. डोळ्यांकडून बातमी घेणारे दृष्टीचे पहिले ठाणे शांत आणि चित्रे जोडणारी पुढची ठाणी गजबजलेली, असेही नंतरच्या मोजमापांत दिसले. (जन्मांधांस स्वप्नात चित्रे दिसत नाहीत, पण आवाज, स्पर्श, वास यांची स्वप्ने त्यांनाही पडतात. ज्याच्या कोठारात जे धान्य, त्याचेच दळण.)

वारी केलेल्यांना आम्ही हे असे सांगू. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोहोचते, समाजआरतीसाठी दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा गजर टिपेला गेलेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा करतात, मग पुढे सर्व चालते. आता अशी कल्पना करा की गजर चालू आहे, पताका उभ्या आहेत, तक्रारी करणारेही टाळ बडवीत आहेत, पण चोपदार झाडाखाली निजला आहे. दंड उचलणारा कोणी नाही. कोणती दिंडी कोणीकडे चालली, कोण कोणात मिसळले, याला धरबंध नाही. स्वप्नातला मेंदू तो हा. म्हणून आपण वाशीच्या पुलावरून चालता चालता चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतो, वीस वर्षांपूर्वी गेलेले वडील तिथे पिठले-भाकरी वाढीत असतात, आणि आपल्याला त्याचे काहीच नवल वाटत नाही. नवल वाटायला चोपदार जागा लागतो.

क्वचित तो अर्धवट जागा होतो. 'हे स्वप्न आहे' असे स्वप्नातच कळण्याचा अनुभव काही वाचकांना असेल. १९७५ साली इंग्लंडात हल येथे कीथ हर्न यांनी अशा एका निजलेल्या माणसाकडून, आधी ठरविल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे हलवून खूण मिळविली. २०२१ साली तर अशा निजलेल्यांना सोपी वजाबाकी घालण्यात आली, आणि आठातून सहा गेल्यावर राहिलेले दोन एकाने डोळे दोनदा हलवून सांगितले. परंतु हे थोड्यांचे. बाकी आपण सर्व स्वप्नात गेल्यावर ते खरेच मानतो.

आणि जाग आल्यावर विसरतो. याचेही कारण आहे. मेंदूच्या देठात एक लहानसा निळसर ठिपका आहे. तेथून नॉरॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य साऱ्या मेंदूत पसरते व त्याच्या योगाने आपण सावध राहतो आणि घडलेले मनात पक्के होते. डोळे फिरण्याच्या झोपेत हा ठिपका जवळजवळ गप्प असतो. म्हणजे स्वप्नातल्या गोष्टींची नोंद नीट होतच नाही. आबांना हे सांगताना आम्ही म्हणालो, "चित्रगुप्तानंच लेखणी खाली ठेवली, मग खात्यावर चढणार काय?" आबा थोडेसे हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

स्वप्नाला माल कोठून मिळतो? बहुतेक आपल्याच अंगणातून. १९९४ साली अमेरिकेत मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत अतिशय बारीक तारा बसवून पाहिले. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, वाटा आणि ठिकाणे ध्यानी ठेवणारा. उंदीर वाटेवर अमुक जागी आला की अमुक पेशी चेततात. धावताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र चेतू लागल्या. २००१ साली विल्सन यांना व त्यांच्या एका सहकाऱ्याला हाच प्रकार डोळे फिरण्याच्या झोपेतही आढळला. उंदीर निजून ती वाट पुन्हा चालत होता म्हणा ना! आषाढीहून घरी आल्यावर आठ आठ दिवस आपले पाय झोपेत चालत असतात, कानात टाळ वाजत असतात, हा अनुभव ज्याला नाही असा वारकरी आम्ही तरी पाहिला नाही. २००० सालचा रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचा एक प्रयोग याहून चमत्कारिक आहे. विटा वरून खाली पडतात आणि त्या रचायच्या, असा यंत्रावरचा एक खेळ त्यांनी लोकांना खेळावयास दिला. झोप लागताना त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच विटा पडू लागल्या. ज्यांची स्मृती गेली होती, आपण खेळलो हेसुद्धा ज्यांस आठवत नव्हते, अशांपैकी काहींनाही त्या दिसल्या. आठवण विसरली तरी मेंदू विसरला नव्हता. जन्मभर पोती वाहिलेल्या आबांना थप्पी अंगावर कोसळल्याची स्वप्ने पडतात आणि बालपणी गुरे राखली म्हणून खोंड दिसतो, यात बाहेरचे काय आहे? सगळे आतलेच.

आता मूळ प्रश्नाकडे. स्वप्नात तर आपण सर्वजण धावतो, झाडावर चढतो, भांडतो. मग सर्वांचे हातपाय का हलत नाहीत? कारण देवाने एक कुलूप करून ठेवले आहे. मेंदू धावण्याचे हुकूम खरोखर सोडीत असतो; पण डोळे फिरण्याची झोप लागली की मेंदूच्या देठातून पाठीच्या कण्यातील पेशींकडे दुसरा हुकूम जातो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. तुर्भ्याला ट्रक उभा असतो, इंजिन घुरघुरत असते, पण गिअर न्यूट्रलला. कितीही रेस केली तरी चाक हलत नाही, तसे. श्वासाचा पडदा आणि डोळे एवढेच या कुलपातून मोकळे.

कधी कधी कुलूप उघडण्याआधीच जाग येते. डोळे उघडतात, खोली दिसते, घड्याळाची टिकटिक ऐकू येते, पण बोट हलवता येत नाही. छातीवर कोणी बसले आहे असे वाटते आणि किंकाळी तोंडातून फुटत नाही. यावर गावोगाव भुताखेतांच्या किती कथा झाल्या असतील! झोपमोड, जागरण, पाळी बदलून काम करणे यांमुळे हे अधिक होते. मिनिट-दोन मिनिटांत कुलूप आपोआप निघते. यास लिंबू-मिरची लागत नाही.

आणि कधी उलटे होते. कुलूपच बिघडते. हे होऊ शकते असे प्रथम मांजरांत दिसले. फ्रान्समधील लिओं येथे मिशेल झुव्हे यांनी १९५९ च्या सुमारास हे स्नायू ढिले पडण्याचे लक्षण ओळखले, आणि पुढे १९६५ पर्यंत मांजराच्या मेंदूच्या देठातला एक लहानसा भाग निकामी करून पाहिले. ती मांजरे झोपेतच उठून दबा धरू लागली, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. (मुक्या जीवांवरचे हे प्रयोग वाचताना आम्हांस बरे वाटले नाही हे सांगितले पाहिजे. ज्ञान त्यांच्या वेदनेतून आले आहे.) त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेत मिनेसोटा प्रांतातील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी माणसांतील हाच रोग नोंदविला. रोगी उतारवयाचे, बहुतेक पुरुष. कोणी स्वप्नात चोराशी लढतो, कोणी कुत्र्याला लाथ मारतो, आणि ती लाथ शेजारी निजलेल्या बायकोला बसते. पुढच्या पाहणीत असेही दिसले की या लोकांची स्वप्ने मारामारीची असली तरी जागेपणी ते इतरांहून रागीट नसतात. वहिनींनी चव्वेचाळीस वर्षांचा दाखला दिला होता तो हाच.

म्हणजे आबांच्या दारी कोणी आले नव्हते. घरातलेच एक कुलूप झिजले होते.

पण हरिश्चंद्राचे काय? आबा काही सहज सोडणारे नव्हेत. आम्हीही त्या कथेवर पुष्कळ विचार केला. कीर्तनात ती जशी सांगतात तशीच घेऊ. राजाला स्वप्न पडले, त्याने विश्वामित्रांना राज्य दिले. समजा, पहाटे उठून तो 'छे, स्वप्नच ते' म्हणून दरबारात गेला असता, तर कोणी त्याला खोटा म्हटले असते का? कोणालाच ठाऊक नव्हते. राजा जागा झाला, चोपदार जागा झाला, आणि मग त्याने पूर्ण शुद्धीत ठरविले की मुखातून निघाले ते मी पाळणार. त्याचे सत्त्व त्या ठरविण्यात आहे. दान खरे झाले ते जागेपणी. आबांनी जागे झाल्यावर काय केले? वहिनींचा डोळा पाहून रडले, त्यांना हळद-पाणी लावले, आणि थंडीत गॅलरीत निजायला गेले. जागेपणी ठरवून केलेले ते एवढेच. बाकीची मूठ उचलताना निवाडा करणारा जागेवर नव्हता. आम्ही धर्मशास्त्री नाही; पण ज्या कर्मात करणाऱ्याने काही ठरविलेच नाही, ते त्याच्या माथी कोण मारील?

येथे कोणी विचारील की मग संतांच्या स्वप्नांचेही तुम्ही असेच करणार काय? तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीस गुरुवारी स्वप्नात मंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करावयास सांगून गेले. बहिणाबाईंस तुकोबांचा अनुग्रह कोल्हापुरी स्वप्नातच झाला. आमचे म्हणणे इतकेच की, त्या वेळी मेंदूचा कोणता भाग चेतला होता हे मोजून त्या अनुभवाचे मोल कळत नाही. वीणेच्या तारेची लांबी मोजून अभंगाचा अर्थ कोणाला लागला आहे? आणि दुसरे असे की या थोरांनी जागे झाल्यावर सारा जन्म त्या स्वप्नावर बेतला. आपण मात्र खीर-पुरीचे स्वप्न पडले तरी त्याचा अर्थ विचारायला धावतो. स्वप्नात दात पडला की घरातले कोणी जाणार, साप दिसला की धन मिळणार, असली कोष्टके आम्ही पूर्वी वाचली आहेत. त्यांना मेंदूच्या अभ्यासात काही आधार नाही.

तरी आबांना नुसता दिलासा देऊन भागणार नव्हते. त्यांच्या मुलाने त्यांना वाशीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. एक रात्र डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावून निजविले. डोळे फिरण्याच्या झोपेत हनुवटीचा स्नायू अगदी ढिला असायला हवा. आबांचा ताठ होता. श्वास अडकून झोपमोड होण्यानेही असे हातपाय झाडले जातात, आणि उदासीनतेवरची काही औषधेही हे कुलूप बिघडवितात. म्हणून त्या दोन्हींचा तपास आधी झाला. मग औषध सुरू झाले. पलंग काढून जमिनीवर गादी घालायची, उशाकडचा टोकदार फडताळ हलवायचा, काचेचे काही जवळ ठेवायचे नाही, आणि काही दिवस वहिनींचे अंथरूण वेगळे, असे सांगितले.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, त्याने आम्ही चमकलो. "आबा, वास येतो का?" आबा म्हणाले, "दोन वर्सं झाली, बुक्क्याला वासच ऱ्हायला न्हाई. हल्ली भेसळ करत्यात." वहिनी म्हणाल्या, "मला तर येतो."

हा प्रश्न का, ते वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे. ज्यांचे हे कुलूप उतारवयात आपोआप बिघडते, त्यांतल्या पुष्कळांना पुढे काही वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी, कंपवात किंवा त्याच जातीचा स्मृती नेणारा रोग होतो. मेंदूच्या देठातील बिघाड आधी येतो, हाताचा कंप मागाहून. वास जाणे, जुनी मलावरोधाची तक्रार याही त्याच्या आधीच्या खुणा असू शकतात. प्रत्येकास होईलच असे नाही, आणि होऊ घातले तर ते खात्रीने थांबविणारे औषध आज तरी नाही. पण आधी कळले तर डॉक्टर लक्ष ठेवतात, पडणे-झडणे टळते, कंप सुरू होताच उपचार मिळतो, आणि घरच्यांना तयारी करता येते. हे सर्व आबांना सांगावे की नाही याबद्दल मुलगा घुटमळत होता. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितले. आबा ऐकून म्हणाले, "म्हंजी रोग हाये. पाप न्हाई." एवढ्या वाईट बातमीने कोणाचा चेहरा इतका मोकळा झालेला आम्ही पाहिला नव्हता.

आमच्या या शहरात रात्रीचा दिवस करणारे फार. भाजीबाजारात मध्यरात्रीपासून गाड्या खाली होतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळ्या बदलतात. स्वप्नाच्या झोपेचा मोठा वाटा पहाटेकडे असतो. पहाटे तीनला उठणाऱ्याचा तोच वाटा कापला जातो. मग सुटीच्या दिवशी ती झोप उसने फेडून घेतल्यासारखी जोराने येते आणि स्वप्नांचा लोंढा लागतो. दारूनेही आधी ही झोप दबते व उत्तररात्री उसळते. तेव्हा कोणाच्या घरी नुसती वाईट स्वप्ने वाढली असतील तर आधी झोपेचे तास मोजावेत, घाबरू नये. पण पन्नाशी उलटलेला माणूस झोपेत मारू, ओरडू, पलंगावरून उडी टाकू लागला, तर देवर्षी, कोंबडे, अंगारा यांत महिने न घालविता मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावे. आणि ज्याला मार बसला तिनेही तो झाकून ठेवू नये. वहिनींनी पदराआड चार महिने झाकले.

माघीला आबा आमच्याबरोबर एस.टी.ने पंढरपुरास आले. मठात दाटीवाटीने अंथरुणे पडली होती. आबांनी आपली वळकटी सगळ्यांपासून दूर, भिंतीकडेला सोडली आणि मोकळ्या बाजूस दोन पिशव्या आडव्या ठेवल्या. शेजारच्या परभणीकडच्या म्हाताऱ्याने विचारले, "माउली, एवढं लांब का?" आबांनी सांगितले, "झोपेत हात उडतो माझा. औषध चालू हाये." म्हाताऱ्याने बरे म्हणून कूस वळविली. पहाटे काकड्याला आम्ही उठलो तेव्हा आबा आधीच स्नान करून बसले होते. गळ्यात माळ होती. बुक्क्याची पुडी नाकाशी नेऊन पाहत होते.